‘शुगर हाय, ते भरत नसते’

जानेफळ घ्या, नाहीतर मेहकर तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव घ्या. पायाला वर्षभर पट्टी बांधून फिरणारं एखादं माणूस तिथे असतंच. त्याच्याबद्दल विचारलं की उत्तर तयार असतं : ‘शुगर हाय नं भाऊ, ते आता भरत नसते.’ शेजारी हे सांगतो, औषधाच्या दुकानातला पोरगा हेच सांगतो आणि पांढरा कोट घातलेली काही मंडळीही एवढंच बोलून पुढच्या पेशंटला आत बोलावतात. या वाक्यात दोन दावे आहेत. जखमेचं कारण शुगर, हा पहिला. जखम भरणार नाही, हा दुसरा. पहिला पुष्कळदा चूक असतो, दुसरा बहुतेक वेळा. तरी ते वाक्य निदान म्हणून चालतं, दैव म्हणूनही चालतं आणि माणूस दहा-दहा वर्षं पट्ट्या बदलत राहतो.

शुगरला मी निर्दोष सोडत नाही. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, खडा टोचला तरी कळत नाही, गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होतात आणि जखम हाडापर्यंत जाते. हे सगळं खरं आहे आणि त्यापायी पाय कापावे लागतात हेही खरं आहे. पण ही जखम कुठे होते ते पाहा. ती तळव्यावर होते, अंगठ्याच्या बुडाशी होते, बोटांच्या टोकांवर, टाचेवर होते. जिथे भार येतो किंवा चप्पल घासते तिथे होते. ती बहुधा दुखत नाही, आणि तीच तर तिची खोड आहे. आता ज्याच्याबद्दल ‘शुगर हाय’ म्हटलं जातं त्याची पट्टी सोडून बघा. जखम घोट्याच्या आतल्या बाजूला, वीतभर वर असते. पसरट, उथळ, कडा वेड्यावाकड्या, लस गळून पट्टी ओली. भोवतालची कातडी काळपट-तपकिरी आणि चामड्यासारखी घट्ट. संध्याकाळपर्यंत पाय सुजतो, सकाळी उतरतो. पोटरीवर निळसर शिरा गाठी मारल्यासारख्या फुगलेल्या. ही जखम शुगरची नव्हे, शिरांची आहे. तपासणाऱ्याने ग्लुकोमीटर हातात घेण्याआधी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितलं असतं तर एवढं त्यालाही दिसलं असतं.

पण रीत अशी पडली आहे, की बोटाला टोचायचं, आकडा बघायचा आणि आकडा वाढलेला निघाला की चौकशी बंद. या रीतीत हिशोबाची साधी चूक आहे. आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आजार इतका पसरलेला असताना पन्नाशी-साठीच्या कोणाही माणसाचं रक्त तपासा, साखर वाढलेली निघण्याचा संभव मोठाच. दात दुखतो म्हणून आलेल्यांतही ती निघेल, म्हणून कोणी शुगरने दात किडला म्हणत हात झटकत नाही. जखम आणि साखर एकाच माणसात सापडली एवढ्यावरून एकीने दुसरी केली असं ठरत नाही. साखर आटोक्यात ठेवलीच पाहिजे, तिने जखम भरायला उशीर होतो. पण शिरा बिघडलेल्या पायावर नुसती साखरेची गोळी देणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं.

शिरा बिघडतात म्हणजे काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. पायाकडे गेलेलं रक्त वर हृदयाकडे परत जायचं तर त्याला चढ चढावा लागतो. तो चढ पोटरीचा स्नायू चढवतो. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, खोलवरच्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं. ते खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत ठरावीक अंतरावर पडदे असतात, एकाच दिशेला उघडणारे. हे पडदे निकामी झाले, शीर ताणली गेली, किंवा कधीकाळी आत गुठळी होऊन ते जळून गेले, की ढकललेलं रक्त पुन्हा खाली येतं. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० च्या खाली येतो. पडदे गेलेल्या माणसाचा दाब चालतानाही नीट उतरत नाही. दिवसभर तो दाब बारीक केशवाहिन्यांवर राहतो. त्यांतून पाणी झिरपतं, तांबड्या पेशी झिरपतात, पेशींतलं लोह कातडीत साचून ती काळवंडते. कातडी कडक होते, खाजते. मग एक दिवस नख लागतं, नाहीतर पऱ्हाटीचं धसकट लागतं.

आणि सगळा दोष त्या धसकटावर जातो. ‘धसकट लागलं तेव्हापासून हाय.’ अहो, धसकटं तर सगळ्या गावाला लागतात. कापूस वेचणाऱ्या बाईच्या नडगीवर हंगामात किती ओरखडे पडतात ते तिला विचारा. आठवड्यात खपली धरते, पडते, विसरायला होतं. एकाच पायावर, एकाच जागी ती धरत नाही, तेव्हा प्रश्न धसकटाचा उरत नाही, त्या कातडीचा होतो. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणांचे दोन वर्ग केले आहेत : बाहेरून आलेला आगंतु आणि शरीरातून उपजलेला शारीर. धसकटाचा ओरखडा आगंतु म्हणून सुरू झाला असेल, पण दोन महिन्यांनी तो कोणत्या वर्गात गेला हे विचारण्याची बुद्धी आपल्या परंपरेला होती. आज जो तो फक्त वर काय लावायचं तेवढं विचारतो.

आता पहिला आक्षेप. ‘हे विलायतेतलं झालं. तिकडे पायाच्या बहुतेक जखमा शिरांच्या असतात. आपल्याकडे शुगर, कुष्ठरोग, टीबी.’ आक्षेप पोकळ नाही. बनारसच्या अभ्यासकांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीत हजार लोकांमागे साडेचारांना जुनाट जखमा आढळल्या आणि त्यांच्या कारणांत मधुमेह, धमन्यांचा रोग, क्षय, कुष्ठरोग पुढे होते. पण ती मोजणी अंगावरच्या सगळ्या जुनाट जखमांची आहे, एकट्या घोट्याची नव्हे. आणि भारतीयांना शिरांचा आजार होत नाही, ही समजूत जुनी आणि लाडकी असली तरी पन्नास वर्षांपूर्वीच तिला तडा गेलेला आहे. १९७२ साली एस. एल. मल्होत्रा या रेल्वेच्या डॉक्टरांनी उत्तर आणि दक्षिण भारतातल्या रेल्वे कामगारांचे पाय तपासले. दक्षिणेकडच्या कामगारांत साधारण चारांतल्या एकाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, उत्तरेकडच्यांत शंभरांतल्या सातांच्या. फरकाचं कारण त्यांनी आहारात शोधलं. ते पटो न पटो, आकडा मात्र परक्या देशाचा नाही. बनारसचा दर दहा हजार वस्तीच्या गावाला लावला तर पंचेचाळीस माणसं होतात. त्यांतल्या पायाच्या जखमांपैकी किती शिरांच्या, किती शुगरच्या, हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाचा पायजमा वर करावा लागतो. माझं भांडण नेमकं इथे आहे : न बघता ठरवण्याशी.

‘शिरा फुगणं हा बायकांचा आजार,’ हीसुद्धा अशीच न बघता ठरवलेली गोष्ट. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या पाहणीत रस्त्यावरच्या सर्वसामान्य लोकांचे पाय मोजले तेव्हा पुरुषांत ४० टक्के आणि बायकांत ३२ टक्के जणांच्या मुख्य शिरा फुगलेल्या होत्या. बाई दवाखान्यात जाते, पुरुष लुंगीखाली झाकतो, म्हणून तो बायकांचा आजार ठरला. धोका कोणाला, याचं उत्तर कामात शोधा. भट्टीपाशी उभा असणारा आचारी, न्हावी, इस्त्रीवाला, हवालदार, फळ्यापाशी उभे राहणारे मास्तर, कापडाच्या दुकानात दिवसभर बसायची परवानगी नसलेला नोकर. उभं राहणं आणि चालणं यांत पोटरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यात वजन वाढलेलं असेल, आई-बापांना तोच त्रास असेल, वय पन्नाशीपुढे असेल, घोटा आखडलेला असेल, तर जोखीम चढत जाते. घोट्याचं आखडणं तर कोणी मोजतच नाही. पाऊल वरखाली हललं नाही तर पोटरी आवळणार कशी?

बायकांची एक जोखीम मात्र खास वेगळी आहे आणि तिच्याबद्दल विचारायचं राहूनच जातं. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या सव्वा महिन्यात एकच पाय मांडीपर्यंत सुजला होता का? आमच्याकडे त्याला वारं लागलं म्हणतात, शेक देतात, पंधरा दिवसांनी सूज उतरते, विषय संपतो. प्रत्यक्षात पुष्कळदा ती खोल शिरेतली गुठळी असते. गुठळी विरघळते, पण जाताना पडदे घेऊन जाते. जखम उघडते वीस-पंचवीस वर्षांनी, नातवंडं झाल्यावर. तेव्हा त्या आजीला साखर निघते आणि पंचविशीतल्या त्या सुजलेल्या पायाची आठवण कोणाला येत नाही, तिलासुद्धा नाही. मांडीचं हाड मोडून तीन महिने खाटेवर पडलेल्या पुरुषाचीही हीच गत. जुनाट जखमेच्या रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न, माझ्या मते, साखरेचा नसून हा आहे.

दुसरा आक्षेप रक्ताचा. ‘रक्त खराब झालंय, ते वाहून गेलेलंच बरं.’ ही समजूत एकट्या वऱ्हाडाची नाही, तेव्हा लाजायचं कारण नाही. युरोपातही शतकानुशतकं वैद्य पायाचा जुनाट व्रण मुद्दाम उघडा ठेवत. आतला दूषित रस त्यावाटे बाहेर पडतो, तो बंद केला तर रोगी दगावेल, असं मानत. इंग्लंडच्या राजाचा शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन याने १६७६ साली छापलेल्या ग्रंथात फुगलेल्या शिरा आणि व्रण यांचं नातं मांडलं आणि दोरीने आवळायचा चामडी मोजा वापरला. म्हणजे दाब देऊन पाय बरा करण्याची कल्पना शिवाजी महाराजांच्या काळातली आहे. तरी आपल्याकडे आजही जळवा लावून रक्त काढलं की मोकळं वाटतं म्हणणारे आहेत. वाटत असेल, तेवढ्यापुरता ताण उतरत असेल. पण ज्याचे पडदेच गेलेत त्याच्या पायात दुसऱ्या दिवशी तेवढंच रक्त पुन्हा साचतं. सुश्रुताचा हवाला देणाऱ्यांनी सूत्रस्थानाचा अठरावा अध्यायही उघडावा. तिथे पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले आहेत. रक्तमोक्षण लक्षात राहिलं आणि बंध विसरले, हा काही सुश्रुताचा दोष नाही.

खराब रक्ताची समजूत किती महाग पडते, याचा सगळ्यात मोठा धडा विदर्भानेच घेतलेला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी, अमरावतीच्या तपोवनात १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, वरोऱ्याच्या आनंदवनात १९५१ साली बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांना जवळ केलं, तेव्हा लोकांची खात्री होती की या माणसांचं मांस रक्तदोषाने आपोआप सडतं. १९४६ सालीच वेल्लोरला आलेल्या पॉल ब्रँड या शल्यवैद्याने हे प्रकरण मुळातून तपासलं. त्याला आढळलं, की कुष्ठरोग्याचं मांस इतरांसारखंच भरून येतं. फक्त पाय बधिर असल्याने माणूस जखमेवरच चालत राहतो. प्लास्टर घालून भार काढला की वर्षानुवर्षांच्या तळव्याच्या जखमा भरल्या. नंतर मऊ रबराच्या तळव्याची चप्पल आली आणि भरलेले पाय भरलेले राहिले. रक्तात दोष नव्हता, भारात होता. एवढं मोठं सत्य आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत वापरात येऊन दोन पिढ्या झाल्या आणि आपण घोट्यावरच्या जखमेकडे बोट दाखवून अजून म्हणतोय, रक्त खराब आहे. (बधिर चट्टा आणि न दुखणारी तळव्याची जखम आजही दिसली तर कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलनाची घोषणा झाली, याचा अर्थ रोग गावातून गेला असा नाही.)

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा, म्हणून जास्त घातक : ‘जंतुसंसर्ग आहे. घाणीत वावरतात, नीट धूत नाहीत.’ यात निदान कमी आणि उपदेश जास्त आहे. शेतकरी शेतात वावरणार नाही तर कुठे वावरणार? उघड्या जुनाट जखमेवर जंतू असतातच; कापूस फिरवून तपासणीला पाठवला तर काही ना काही उगवतंच. उगवलं म्हणजे संसर्ग झाला असं नव्हे. जखमेभोवती लाली पसरते आहे, पाय गरम आहे, दुखणं वाढलंय, ताप आहे, तर अँटिबायोटिक लागतं, तेही लवकर. तसं काही नसताना गोळ्यांचे कोर्सवर कोर्स दिल्याने शिरेची जखम लवकर भरते, याला पुरावा नाही. ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत तर संसर्गाची लक्षणं नसताना अँटिबायोटिक देऊच नका असं सांगितलं आहे. आपण मात्र पाच दिवसांचा एक कोर्स, मग जरा भारी, मग इंजेक्शन असे चढत जातो. एखादा दिवस असा येतो की खरोखर संसर्ग होतो आणि एकही औषध लागू पडत नाही.

वरून लावायच्या गोष्टींबद्दल किती लिहावं? हळद, राख, तंबाखूचा चुरा, चुना. आमच्या भागात बिब्बा. गोडंबी फोडणाऱ्या बायांच्या हातांची सालं कशी निघतात हे ज्यांनी पाहिलंय, तेही जखमेच्या कडेला बिब्ब्याचं तेल लावायला धजतात, याचं मला नवल वाटतं. पण दुकानातली ट्यूब म्हणजे निर्धोक असंही नाही. निओमायसिनच्या जातीची मलमं महिनोन्‌महिने लावली की शिरांच्या रोग्यांच्या कातडीला त्यांची अ‍ॅलर्जी येते, जखमेभोवती पाणी सुटतं, खाज सुटते, आणि ती वाढलेली जखम पाहून आणखी मलम दिलं जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला समाधान वाटतं. फेसाबरोबर नुकत्या धरू लागलेल्या नव्या पेशीही जातात. साध्या स्वच्छ पाण्याने धुवावं, चिकटणार नाही अशी साधी पट्टी ठेवावी. वर काय लावलं यापेक्षा त्यावरून काय बांधलं, याने फरक पडतो.

बांधायचं असतं दाबाचं बँडेज. बोटांच्या बुडापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याला सर्वांत घट्ट आणि वर जाता जाता सैल, घोट्यापाशी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास दाब येईल असं. जखमेपुरती चार वेटोळी मारलेली पट्टी म्हणजे दाब नव्हे. उलट मधेच आवळलेली पट्टी खाली सूज वाढवते. दाबाने शिरा आकसतात, बिघडलेल्या पडद्यांच्या कडा जवळ येतात, पोटरीला आवळायला बाहेरून आधार मिळतो. दाब दिलेल्या जखमा दाब न दिलेल्यांपेक्षा लवकर भरतात, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून ठरलेलं आहे. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवाव्यात.

आणि चालावं. हे सांगितलं की घरचे लोक दचकतात, कारण ‘पायावर भार देऊ नको, बसून राहा’ हा सल्ला सगळीकडून मिळालेला असतो. तो तळव्याच्या बधिर जखमेला लागू आहे, घोट्यावरच्या शिरेच्या जखमेला नाही. पंढरपूरहून परतताना गजानन महाराजांची पालखी मेहकर, जानेफळ करत खामगाववरून शेगावला जाते. पालखीबरोबर आलेल्यांचे पाय गावाने वर्षानुवर्षं पाहिलेले आहेत, चोळलेले आहेत. फोड येतात, भेगा पडतात, आणि त्या भरतात. शेकडो मैल चालून आलेल्यांपेक्षा दिवसभर गल्ल्यावर पाय लोंबकळत सोडून बसलेल्याचा घोटा जास्त काळा असतो. दाबाचं बँडेज बांधून चालणं हे औषध आहे. नुसतं बसणं नाही.

इथे मला माझ्याच बाजूच्यांना थांबवायचं आहे. शिरा, दाब, बँडेज हे कळल्यावर उत्साहाने कोणाचाही पाय आवळायला निघालात तर पाय जाईल. जखम धमनी बंद पडल्याने असेल, तर दाबाने उरलंसुरलं रक्तही थांबतं. ती जखम बोटांच्या टोकांवर, टाचेवर, नडगीवर असते. कोरडी, खोल, काळी. पाय गार असतो, केस गळलेले, कातडी चकचकीत. चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते. रात्री दुखून झोप उडते आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. शिरांच्या रोग्याला नेमकं उलट, पाय वर घेतला की बरं वाटतं. वर घेतलेल्या पायाने बरं वाटतं की खाली सोडलेल्या, एवढा प्रश्न विचारायला कोणतं यंत्र लागत नाही. पावलावरची नाडी बोटांनी चाचपायलाही लागत नाही. त्यापुढे हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढायचं असतं. त्याला हातात मावणारा डॉप्लर आणि बीपीचा पट्टा पुरतो. गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर पुरा दाब द्यायचा नाही, ०.५ च्या खाली असेल तर दाब अजिबात नाही, आधी धमनीचा इलाज. मधुमेह्यांच्या धमन्या चुन्याने कडक झालेल्या असल्याने आकडा खोटा चांगला येतो, हेही धरून चालावं लागतं.

धमन्यांची गोष्ट निघाली की तंबाखूची निघणारच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के, मुख्य खेळ खाण्याचा, २४.४ टक्के. म्हणून आमच्याकडचं उत्तर ठरलेलं : ‘बिडीले हात लावत नाही बाप्पा, खर्रा तेवढा खातो.’ खर्ऱ्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसायला ओठांतून गेलं की छातीतून, हे बघत नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसाची पायाची बोटं काळी पडायला लागली, शुगर नाही, कोलेस्टेरॉल नाही, तर तो बर्जरचा रोग असू शकतो. लिओ बर्जर यांनी १९०८ साली तो वर्णन केला. बिड्या ओढणाऱ्या गरीब भारतीयांत तो पुष्कळ दिसतो. त्यावर तंबाखू पूर्ण, कायमची, कुठल्याही रूपात बंद करणं हाच खरा इलाज आहे. एक बिडी कमी केली, असले हिशोब त्याला चालत नाहीत. तरी अशा रोग्याच्या नातेवाइकांनाही मी ‘शुगर तपासली, निघाली नाही, मग करणी असेल’ इथपर्यंत पोचलेलं ऐकलं आहे. शुगरचं निदान इतकं एकमेव झालं, की ती नाही म्हटल्यावर थेट भुतंच उरतात.

बाकीची कारणं थोडक्यात. विशी-पंचविशीच्या मुलाच्या घोट्यावर दुखरी, न भरणारी जखम दिसली, अंगात रक्त कमी, सांधे दुखतात, तर सिकलसेलची तपासणी. विदर्भात ही विसरण्यासारखी गोष्ट नाही, आणि २०२३ च्या जुलैपासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आहे. क्षयाने, संधिवातासारख्या रोगांनी, काही औषधांनीही जखमा होतात. आणि पाच-दहा वर्षं जुनी जखम अचानक वर उगवून आली, कडा जाड होऊन बाहेर वळल्या, घाण वास सुरू झाला, सहज रक्त येऊ लागलं, तर तुकडा काढून तपासावा. जुनाट व्रणात होणारा कर्करोग मार्जोलँ नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याच्या नावाने ओळखला जातो. ‘जुनंच हाय ते’ म्हणून इथेही वेळ जातो.

शेवटचा आक्षेप पैशाचा. ‘हे सगळं अकोल्याला, नागपूरला. आमच्या खेड्यात कोण डॉप्लर आणून ठेवतंय?’ याला उत्तर लंडनचं आहे, पण लंडनच्या बड्या हॉस्पिटलच्या आतलं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या चेरिंग क्रॉस रुग्णालयाने चार थरांच्या दाबाच्या बँडेजची पद्धत बसवली आणि ती वस्तीतल्या छोट्या केंद्रांत परिचारिकांच्या हाती दिली. त्याआधी तीन महिन्यांत पाचांतली जेमतेम एक जखम भरत होती. केंद्रं चालू झाल्यावर तिनांतल्या दोन भरू लागल्या. शल्यवैद्य वाढले नव्हते. परिचारिकांना पाय बघायला, गुणोत्तर काढायला, बँडेज बांधायला शिकवलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला हे येणार नाही असं म्हणणाऱ्याने तिला बाळंतपण करताना पाहिलेलं नसावं. तिशीपुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी तपासण्याचा सरकारी कार्यक्रम चालूच आहे. त्याच कार्डावर दोन्ही पायांचा एक रकाना वाढवला, केंद्राला एक डॉप्लर आणि दाबाची बँडेजं दिली, तर मागणी फार मोठी होत नाही. रोज नवी पट्टी, दर महिन्याला नवं अँटिबायोटिक आणि बुडालेली मजुरी यांचा दहा वर्षांचा हिशोब ज्या घरांनी भरलाय त्यांना विचारा, महाग काय पडलं.

‘भरली तरी परत होते,’ असंही म्हणतात. होते, शिरेचं काही केलं नाही तर. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत नुसता दाब दिलेल्यांपैकी २८ टक्के जणांना वर्षभरात जखम पुन्हा झाली. दाबाबरोबर बिघडलेल्या वरच्या शिरेवर शस्त्रक्रिया केलेल्यांत १२ टक्के. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत जखम उघडी असतानाच शीर आतून बंद केली, तर निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, थांबून केली त्यांच्यात ८२ दिवस लागले. म्हणजे ‘आधी जखम भरू द्या, मग ऑपरेशनचं बघू’ हा सल्लाही आता जुना झाला आहे. ज्याचा पाय पाहून शीर फुगलेली दिसते, त्याला पहिल्याच महिन्यात शिरांच्या तपासणीला पाठवायला हवं, दहाव्या वर्षी नव्हे.

एक अडचण मात्र मला टोलवता येत नाही. भरल्यावर पाय भरलेला ठेवायचा तर दाबाचे मोजे रोज घालायचे असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, अंगावर बनियन नको होतं, तेव्हा गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा कोण घालेल? शेतात चिखल, घामाने खाज, आणि साठीच्या माणसाला तो चढवायला दुसऱ्याची मदत लागते. विलायतेतल्या पुस्तकांत याचं चांगलं उत्तर नाही. काही जण सकाळी अंथरुणातच मोजा चढवतात आणि काम आटोपून दुपारी आडवे होताना काढतात. काही जण वेल्क्रोचे पट्टे वापरतात, ते सैल-घट्ट करता येतात. पूर्ण दाब सोसत नसेल तर कमी दाबाचा मोजा रोज घालणं, हे जास्त दाबाचा मोजा ट्रंकेत ठेवण्यापेक्षा बरं. ज्याची शीर वेळेत बंद झाली त्याला हा जाच कमी दिवस सोसावा लागतो. उन्हाळ्यापुरता तरी हा प्रश्न आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या पायांवर सोडवायचा बाकी आहे, आणि त्यासाठी आधी त्यांना ते पाय बघावे लागतील.